समंदरवाली

शीला आली त्या दिवशी तिची ट्रंक ललितानं स्वतःहून उचलली होती. पुढे कितीतरी वेळा तिला ते आठवलं, कारण नंतरच्या पाच महिन्यांत तिनं शीलासाठी मनापासून केलेलं असं दुसरं फारसं काही नव्हतं.

सदुसष्ट सालची दिवाळी नुकतीच सरली होती. मध्य प्रदेशातल्या कटंगीच्या बसस्टँडवर तुमसरची बस थांबली आणि ललिताचे हिरालालकाका उतरले. मागोमाग दोन वेण्या घातलेली, सावळी, पायात कॅनव्हासचे बूट असलेली शीला. काकांची ही एकुलती एक मुलगी. ललिताहून चार महिन्यांनी मोठी, म्हणजे बाराचीच. दोघींनी आजवर एकमेकींना फक्त फोटोत पाहिलं होतं.

हिरालालकाकांची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. ललिताच्या आजोबांचा, महागूआबाजींचा, हा धाकटा मुलगा सतराव्या वर्षी घरी न सांगता नागपूरला गेला, तिथून नेव्हीत भरती झाला, आणि पिढ्यान्‌पिढ्या धान रोवणाऱ्या घरातला हा माणूस बिनतारी यंत्र चालवायला शिकला. नेव्ही सुटल्यावर त्याला कोकणात समुद्रकाठी एका रेडिओ स्टेशनात नोकरी मिळाली. गाणी-बातम्यांचं ते स्टेशन नव्हे. दर्यातल्या जहाजांशी बोलायचं स्टेशन. बायको तिथलीच केली, राहायला स्टेशनाला लागूनच क्वार्टर मिळालं, आणि शीला त्या क्वार्टरातच लहानाची मोठी झाली. आता तिची आई छातीच्या दुखण्यानं इस्पितळात होती.

"डॉक्टर म्हणते, पाच-सहा महिने लागतीन," काका आबाजींना म्हणाले. "माही ड्यूटी कधी सकाळची, कधी रातची. पोरीले एकटी कशी ठेवू?"

"एकटी काहून ठेवतं गा? हे घर कोनाचं आहे?" आबाजी म्हणाले, आणि तिथेच ठरलं.

दोन दिवसांनी काका परत गेले. शीला रडली नाही. ललिताला ते जरा विचित्रच वाटलं. आपण असतो तर बसच्या मागे धावलो असतो, असं तिच्या मनात आलं.

ललिताच्या घरात माणसं मोजकी. बाप प्रेमलाल दिवसभर शेतात, माय गोदाबाई चुलीपासून गोठ्यापर्यंत पायाला भिंगरी लावल्यासारखी, आणि ओसरीवर खाटेवर बसलेले आबाजी. आबाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस चालत आला की त्यांना कळे, पण कोण आला ते आवाजावरून ओळखावं लागे. नागपूरचा पेपर कटंगीला एक दिवस उशिरा यायचा. दिवेलागणीला ललिता तो शिळा पेपर त्यांना वाचून दाखवायची. अडत अडत का होईना, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मध्येच आबाजी एखाद्या बातमीवर "काय बुद्धी भ्रष्ट झाली यांची!" म्हणत, आणि ललिता "हौ नं" म्हणत मान डोलवे. त्या खाटेचं पायथ्याकडचं टोक हे तिचं राजपद होतं. मामाची मुलं आली तरी तिथे कोणी बसत नसे.

काका गेले त्या संध्याकाळी आबाजींनी पेपर बाजूला ठेवायला सांगितला.

"बस वं इकडं, शीला. सांग, तुह्या बापाचं काम तरी कसं असते? त्यानं मले कधी धड सांगतलंच नाही."

शीला खाटेवर बसली. पायथ्याकडच्याच टोकाला.

ती सांगू लागली तेव्हा तिचं ते बोलणंच आधी ललिताच्या कानाला टोचलं. "मला", "तुला", "कशाला". पुस्तकातल्यासारखं, धुतलेलं. पण सांगत होती ते मात्र असं होतं की, नको म्हटलं तरी ऐकावं लागत होतं.

त्यांच्या क्वार्टरच्या मागे, ती म्हणाली, दोन लोखंडी मनोरे होते, ताडाच्या दुप्पट उंच. त्यांना चहूबाजूंनी तारांचे ताण दिलेले. वारा सुटला की त्या तारा गुणगुणायच्या. वारा कुठल्या दिशेचा आहे ते आई अंथरुणातूनच आवाजावरून सांगायची. लोखंड खाऱ्या हवेनं दर वर्षी गंजायचं, म्हणून रंगारी यायचे आणि आठ आठ दिवस वर लटकून रंग द्यायचे. बाबा ज्या खोलीत बसायचे तिची एक भिंत त्यांच्या स्वयंपाकघराला लागून होती. त्या भिंतीतून दिवसभर आवाज यायचा. दी-दा, दी-दी-दा. लांब आणि आखूड शिट्ट्या. "मला अआइई यायच्या आधी ते यायला लागलं," शीला म्हणाली. "कोणी शिकवलं नाही. पोळी खाता खाता मी सांगायची, आई, आता बाबांनी 'थांबा' म्हटलं."

"असं?" आबाजी पुढे सरकले. "शिट्टीतून बोलणं कळते?"

"हो. आणि कोण बोलतोय तेही कळतं. प्रत्येकाचा हात वेगळा असतो ना. एका जहाजावरचा माणूस शेवटची शिट्टी नेहमी जरा ओढून वाजवायचा. बाबा म्हणायचे, हा म्हातारा दमलाय. पुढे तो माणूस एकदा आमच्याकडे जेवायला आला. खरंच म्हातारा होता."

आबाजी इतके मोठ्यानं हसले की गोठ्यातून माय बाहेर आली. ललिताच्या वाचण्यावर ते असे कधी हसले नव्हते. ललितानं पेपराची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. तिच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

मग रोजच तसं होऊ लागलं. पेपर वाचला जाई, पण घाईनं, आणि आबाजी "बरं, बरं" म्हणत. पेपर संपण्याची वाट पाहताहेत हे ललिताला कळे. त्यानंतर शीलाचा समुद्र सुरू होई.

एका संध्याकाळी शीलानं त्या घड्याळाची गोष्ट सांगितली. बाबांच्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळात दोन लाल फाका रंगवलेल्या होत्या. एक पंधराव्या मिनिटापासून अठराव्यापर्यंत, दुसरी पंचेचाळीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंत. काटा त्या लाल फाकेत शिरला की सगळ्यांनी गप्प बसायचं. जवळची-लांबची सगळी जहाजं, सगळी स्टेशनं. कोणी काही पाठवायचं नाही. फक्त कान देऊन ऐकायचं.

"काय आयकाचं?" आबाजींनी विचारलं.

"कोणी बुडत असेल तर. त्याचा आवाज बारीक येतो, आबाजी. इतरांच्या गोंगाटात तो हरवून जातो. म्हणून तासातून दोनदा, तीन तीन मिनिटं." ती जरा थांबली. "घरी गप्प बसायची काही गरज नव्हती. पण मी बसायची. मला वाटायचं, माझ्या हातून भांडं पडलं आणि तेवढ्यात कोणी हाक मारली तर?"

आबाजींनी खिशातलं घड्याळ बोटांनी चाचपलं. मग म्हणाले, "कोन कुठला एक माणूस बुडते, अन् त्याच्यासाठी सारे चूप बसते. असं आपल्याकडं कुठं आहे वं?"

दुसऱ्या दिवशी ललिता पेपर वाचत होती. बालाघाटची बातमी होती आणि ती मुद्दाम नीट, सावकाश, शाळेत बहनजीसमोर वाचतात तशी वाचत होती. आबाजींनी खिशातलं घड्याळ काढून शीलापुढे धरलं. "पाह्य बरं, किती झाले?"

"सव्वासात."

"थांब वं ललिता," आबाजींनी हात वर केला. "तीन मिनिटं चूप."

वाक्य तोंडात अर्धंच राहिलं. स्वयंपाकघरात मायनं परातीतला हात थांबवला. दारात बाप टोपी काढता काढता तसाच उभा राहिला. सगळं घर एका पाहुण्या पोरीच्या समुद्रासाठी मुकं झालं. कोणी बुडत असेल तर बुडो, असंही ललिताच्या मनात येऊन गेलं.

शाळेत वेगळी तऱ्हा नव्हती. कन्याशाळेत सगळं हिंदीतून. शीलाची हिंदी मोडकी, गणितातले शब्द तिला समजत नव्हते, आणि पहिला आठवडाभर ललिता मनातून निवांत होती. पण भूगोलाच्या तासाला बंदरगाहांचा धडा आला आणि बहनजींनी शीलाला पुढे बोलावलं. "तुमने समंदर देखा है न, बेटी? बताओ सबको." शीलानं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. भरती-ओहोटी, रात्री दिसणारे जहाजांचे दिवे, वादळात बाबा सलग दीड दिवस यंत्रापाशी बसले होते आणि आईनं त्यांना खिडकीतून पेज दिली होती ते. पोरी माना पुढे काढून ऐकत होत्या. जिच्याबरोबर ललिता पहिलीपासून एका बाकावर बसत होती ती सरिता दुसऱ्या दिवशी दप्तर उचलून शीलाशेजारी जाऊन बसली.

"तिले पाढे समजत नाही, म्हणून बसली," सरिता म्हणाली.

"मले का आंधळी समजतं?" ललिता म्हणाली.

शीलाचं नाव पडलं 'समंदरवाली'. नाव प्रेमाचं होतं, आणि ललिताला ते अधिकच झोंबलं. ललिताला कोणी कधी कोणती वाली म्हटलं नव्हतं. तिच्याजवळ काय होतं? धानाचा बांध, गोठा, शनिवारची शाळा. ते सगळ्यांजवळच होतं.

आणि खरी गोम तर वेगळीच होती. शीलानं एकदा तिला तिचं नाव वाजवून दाखवलं होतं, मापाच्या पायलीवर बोटानं. आखूड-लांब-आखूड-आखूड, हा एल. पुढे आखूड-लांब, हा ए. ललितानं "असं का" म्हणून तोंड फिरवलं. पण दुसऱ्या दिवशी गोठ्यात गायीच्या गव्हाणीवर ती ते एकटीच वाजवून पाहत होती, आणि चौथ्या अक्षराला चुकत होती. पुन्हा विचारायला जीभ उचलेना. हवं तर होतं, पण मागायचं नव्हतं. त्या दिवसापासून हेव्याला धारच चढली.

जानेवारीत एका दुपारी शाळा सुटल्यावर ती पोरींच्या घोळक्यात बोलून गेली, "सारं फेकते ती. शिट्टीतून कुठं बोलणं समजते का? आमच्या घरी राह्यते, मले मालूम आहे."

शीला तिथेच उभी होती.

"मंग दाखवू दे नं," सरिता म्हणाली. सरिताला दोन्हीकडची गंमत हवी असे. "पोष्टात तारबाबू आहे. त्याचं यंत्र कडकड बोलते. समंदरवालीनं सांगावं काय बोलून राह्यलं ते."

"चालेल," शीला म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, उलट थोडा आनंदच होता. कितीतरी दिवसांनी ओळखीचं काही ऐकायला मिळणार होतं.

सात-आठ पोरी पोस्टाच्या खिडकीशी जमल्या. आत तारबाबू खेमराज कानावर पेन्सिल अडकवून बसले होते. त्यांच्या टेबलावर पितळेचं ते यंत्र होतं, आणि आवाज मोठा व्हावा म्हणून त्याच्यामागे तमाखूचा रिकामा डबा टेकवलेला. यंत्र बोलत होतं. खट्, खटखट्, खट्. खेमराजबाबू खाली मान घालून लिहीत होते. त्यांनी पोरींकडे पाहून फक्त बोट ओठावर ठेवलं.

शीला गजांना कपाळ टेकवून ऐकू लागली. ललिता तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती. आधी तो चेहरा उजळलेला होता. मग कपाळावर आठी आली. तिनं डोळे मिटले. ओठ हलले, थांबले. यंत्र खटखटत राहिलं. शेवटी तिनं डोळे उघडले तेव्हा ते घाबरलेले होते.

"हे… हे तसं नाही," ती म्हणाली. "यात लांब-आखूड नाहीच. नुसतंच खटखट आहे."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "झूठी!" आणि सगळ्या हसल्या. सरितासुद्धा. घरी येईपर्यंत "समंदरवाली, समंदरवाली" चाललं होतं, पण आता त्या नावाचा सूर फिरला होता. शीला घोळक्याच्या पुढे, एकटी, भरभर चालत होती. ललिताला कित्येक दिवसांत नव्हतं इतकं हलकं वाटत होतं. त्या दिवशी तिनं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

चार दिवसांनी बापानं तिला पोस्टकार्डं आणायला पाठवलं. खेमराजबाबूंनी खिडकीतून हाक मारली.

"ए बेटा, तू प्रेमलालची पोरगी नं? त्या दिवशी तुमच्यासंगं ती दोन वेण्यांची कोण होती? यंत्र आयकत होती ती?"

"काकाजीची पोरगी. काहून?"

"मी तेव्हा कामात होतो, नाही तं तिथंच सांगतलं असतं. ती बराबर बोलत होती. समुद्राच्या बिनतारीत शिट्टी वाजते, लांब अन् आखूड. आपलं हे यंत्र शिट्टी नाही देत, ठोका देते. एक ठोका खाली पडतानी, एक वर उठतानी, अन् दोन ठोक्यांच्या मधात किती वेळ गेला त्याच्यावरून समजाचं. भाषा एकच, पण कान वेगळा लागते. मलेच सहा महिने लागले. शिट्टीवाल्याले हे नुसतं खटखटच वाटीन." ते कौतुकानं हसले. "पण तिनं तेवढ्यात वळखलं का याच्यात लांब-आखूड नाही! हुशार पोरगी आहे. घेऊन ये तिले, मी समजावून सांगतो."

"हौ," ललिता म्हणाली.

पोस्टकार्डं छातीशी धरून ती घरी आली. शीला अंगणात तांदूळ निवडत होती. सांगायला चार शब्द लागले असते. ललिता तिच्याजवळून आत गेली आणि कार्डं बापाच्या हातात दिली.

उद्या सांगू, असं तिनं स्वतःला सांगितलं. उद्या शाळेत सरिता पुन्हा तिच्या बाकावर येऊन बसली. मग परवा सांगू असं ठरलं. परवा संध्याकाळी शीला ओसरीवर आलीच नाही, डोकं दुखतं म्हणाली, आणि पेपर सलग, कुठेही न थांबता वाचला गेला. सव्वासात वाजून गेले. आबाजींनी घड्याळ काढलं नाही. असे पंधरा दिवस गेले.

ललिताला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. खाटेचं टोक, बाक, सरिता. पण आबाजी आता बातमीवर काही बोलत नसत. ती वाचत असे आणि त्यांची मान आतल्या खोलीच्या दाराकडे वळलेली असे. एकदा न राहवून त्यांनी शीलाला हाक मारून बोलावलं.

"काहून वं, आजकाल सांगत नाही? तो रंगारी मनोऱ्यावर अडकून गेलता, त्याचं पुढं काय झालं?"

शीला दारात उभी राहिली. "ते सगळं मी बनवून सांगत होते, आबाजी."

"बनवून?"

"हो."

आबाजींनी हातानं खाट चाचपली, जणू काही वस्तू हरवली असावी. "बरं," ते म्हणाले. "बरं, जाय तू."

न केलेला गुन्हा एखादा माणूस असा कबूल करतो, हे ललितानं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघी विहिरीवर कपडे धूत होत्या. "बनवून सांगत होती म्हणून काहून सांगतलं?" ललितानं विचारलं. "आबाजीले थोडंच खोटं वाटलं होतं?"

शीलानं कपडा पिळला आणि तसाच हातात धरून ठेवला. "मला आता नक्की माहीत नाही ना. मी लहान होते. भिंतीतून आवाज यायचा आणि मी म्हणायची, बाबा असं असं म्हणाले. आई हो म्हणायची. बाबा आले की तेही हो म्हणायचे." तिचा आवाज बारीक झाला. "बहुतेक माझं मन राखायला म्हणायचे. मला खरं काहीच कळत नसेल. आता मी सगळं आठवून बघते तर एकेक गोष्ट खोटी वाटते. तो म्हातारा जेवायला आला होता तोसुद्धा. आईला विचारावं म्हटलं, तर ती दवाखान्यात. अशा वेळी असलं कसं लिहू?"

ललितानं हातातला साबण दगडावर ठेवला. शीलाचं कौतुक कमी व्हावं एवढंच तिला हवं होतं. तिचं घर, तिची भिंत, तिची आई असं सगळंच आपण तिच्यापासून काढून घेऊ, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"चाल," ती म्हणाली.

"कुठे?"

"पोष्टात. कपडे राहू दे. चाल म्हणते नं!"

खेमराजबाबू चहा पीत होते. दोघींना पाहून त्यांनी कप खाली ठेवला, आणि ललितानं तोंड उघडायच्या आधीच शीलाला आत बोलावून यंत्राचा तो ठोक्यांचा हिशेब समजावून सांगितला. मग तिच्या हाती तारेच्या कोऱ्या कागदाचा तुकडा आणि पेन्सिल दिली. "आता मी तोंडानं शिट्टी वाजवतो. मले सवय नाही, सांभाळून घेजो."

दातांतून त्यांनी शिट्टी सुरू केली. लांब, आखूड, लांब. शीलाची पेन्सिल पहिल्या अक्षराला अडखळली. मग ती चालू लागली. कागदावर इंग्रजी अक्षरांत उमटलं: कटंगी. खेमराजबाबूंनी भुवया उंचावल्या आणि वेग वाढवला. एक पूर्ण वाक्य. शीला आता कागदाकडे पाहतही नव्हती. ती खिडकीबाहेर, गुजरीच्या बाजाराच्या दिशेनं, कुठेतरी लांब पाहत होती, आणि हात आपला लिहीत होता. तिच्या चेहऱ्यावर रंग परतत होता. मध्येच ती थांबली.

"इथं तुमचं एक आखूड राहिलं. 'आर' हवा होता, 'ए' झाला."

खेमराजबाबू खदखदून हसले. "घ्या! माहीच चुकी काढली! बावीस वर्षं झाली मले या खुर्चीवर!"

ललिता दाराशी उभी होती. आणि तिलाच नवल वाटलं की, आपणच आणलं, आपल्यालाच बरं वाटायला हवं, तरी छातीत तीच जुनी कळ आली. जशीच्या तशी. हिला येतं. मला येत नाही.

"मी तं तुह्या बहिणीले पंधरा दिवसांआधीच सांगतलं होतं," खेमराजबाबू कप उचलत सहज म्हणाले. "म्हटलं घेऊन ये. मले वाटलं तूच यायले लाजली."

शीलानं पेन्सिल हळूच टेबलावर ठेवली. तिनं ललिताकडे पाहिलं. कागदाची घडी करून मुठीत धरली, बाबूंना नमस्कार केला आणि बाहेर पडली. सगळ्या रस्त्यानं ती पलीकडच्या कडेनं चालली. ललितानं दोनदा हाक मारली. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

शीलानं विहिरीवर राहिलेले कपडे एकटीनंच धुऊन वाळत घातले. संध्याकाळ झाली, पेपर आला. ललिता खाटेवर बसली, पण पेपर तिनं उघडला नाही.

"आबाजी, शीला खरं सांगत होती. सारंच्या सारं. मले मालूम होतं." आणि तिनं आरंभापासून सांगितलं. फेकते म्हणाली ते, पोस्टाचं, पोस्टकार्डांचं, पंधरा दिवसांचं.

माय आतून ऐकत होती. ती पिठाच्या हातानं बाहेर आली आणि ललिताच्या पाठीत एक धपाटा घातला. "आईवाचून राह्यलेल्या पोरीसंगं असं करतं? लाज नाही वाटली?"

"थांब गोदा," आबाजी म्हणाले. माय आत गेली. मग ते ललिताला म्हणाले, "काहून केलं वं?"

ललिताला कारण शोधावं लागलं नाही. "तुमी माहं आयकतच नव्हते."

आबाजी काहीतरी समजावतील, नाही गं असं म्हणतील, असं तिला वाटलं होतं. पण ते तसले नव्हते. म्हणाले, "हौ. नव्हतो आयकत. तिचं नवं होतं. मले या डोळ्यांनी आता दिसत नाही, अन् तिनं सांगतलं का दिसे." त्यांनी हात पुढे करून ललिताचं मनगट चाचपडत धरलं. "माही चुकी मी मान्य करतो. तुही त्याच्यापेक्षा मोठी आहे. तिच्याजवळ जाऊन बोल. अन् शाळंत ज्या ज्या पोरी हासल्या, त्यायलेबी तूच सांग."

ललितानं सांगितलं. सरितानं "मले तं आधीच वाटलं होतं" असं बेधडक म्हटलं. नाव समंदरवालीच राहिलं, सूर मात्र पहिल्यासारखा झाला. आबाजींच्या आग्रहामुळे शीला पुन्हा ओसरीवर येऊ लागली, रंगाऱ्याची गोष्ट पुरी झाली. पण ललिताशी ती कामापुरतंच बोलायची. मीठ दे. दोरी धर. ललिता निमूट मीठ देई, दोरी धरी. शीला सांगत असली की ती ओसरीच्या खांबाशी बसून ऐके. कधी कधी ऐकता ऐकता जळेही. मग जीभ दातांखाली धरून बसे.

एप्रिलात हिरालालकाका आले. शीलाच्या आईला, शांताबाईला, इस्पितळातून घरी सोडलं होतं. अशक्त होती, पण बरी होती. निघायच्या दिवशी ट्रंकेची एक कडी शीलानं धरली, दुसरी ललितानं. काका पुढे चालत होते.

"मले माफ कर," ललिता म्हणाली. हे ती दोन महिने घोळवत होती.

शीलानं ट्रंकेची कडी हातात नीट धरली. "तू मला पोस्टात नेलंस ते मी विसरणार नाही," ती म्हणाली. "पण ते पंधरा दिवसही विसरता येत नाहीत. मी प्रयत्न केला."

"हौ."

"मी पत्र लिहीनच असं नाही."

"नको लिहू," ललिता म्हणाली. मग घाईनं, "लिहिलं तं मी उत्तर देईन."

शीला थोडी हसल्यासारखी झाली. बस लागलेलीच होती. काकांनी शीलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि कानाशी वाकून काही म्हटलं. तिनं मान वर करून त्यांच्याकडे इतक्या विश्वासानं पाहिलं की ललितानं नजर दुसरीकडे वळवली. ती कळ पुन्हा उठली होती. या वेळी मात्र ललितानं तिला लगेच ओळखलं. ती तशीच उभी राहून बसला हात हलवत राहिली.

घरी आली तेव्हा आबाजी ओसरीवर एकटेच होते.

"गेली?"

"हौ."

ते जरा सरकले. "बस. सांग काही."

"मी काय सांगू, आबाजी? मी कुठं काही पाह्यलं?"

"बसस्टँडवर गेलती नं? तेच सांग. खिडकीत बसली का ती? कोण्या बाजूच्या?"

ललिता खाटेवर बसली. तिला वाटलं, यात काय सांगायचं. पण म्हातारा कान पुढे करून थांबला होता. "डाव्या बाजूच्या," तिनं सुरुवात केली. "बस आधीच भरून गेलती. एका बुढीच्या मांडीवर कोंबडा होता, तो काही केल्या शीलाले बसू देत नव्हता…"

"मंग?" आबाजी म्हणाले.